दुपारचं वाचन

बेबीचं वय बेचाळीस झालं तरी घरात ती बेबीच होती. घरात म्हणजे आता आई आणि ती, दोघीच. कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत ती कामाला होती. नखांच्या कडांना प्लास्टरची पांढरी रेघ कायमची, आणि पायाला भिंगरी. बसून कपभर चहा पिणं तिला कधी जमलंच नाही.

आईच्या एका डोळ्याचा पडदा सुटला. शस्त्रक्रिया नीट झाली, पण डॉक्टरांनी बजावलं होतं, पालथंच पडून राहायचं, मान वर करायची नाही. मधे भोक असलेल्या उशीत तोंड खुपसून आई पडलेली. टीव्ही नाही, वाचन नाही. मूळची बोलकी बाई, दोन दिवसांत रडकुंडीला आली.

म्हणून बेबीने ती कादंबरी आणली. पूर्वी टीव्हीवर शिंपीणबाईंची मालिका लागायची. लहानशा गावातली एक विधवा, लोकांचे कपडे उसवता उसवता त्यांची बिंगंही उसवायची. त्या गावात दर आठवड्याला एक माणूस मरायचा, तरी गाव काही ओस पडायचं नाही. रक्त दिसायचं नाही, आरडाओरडा नाही, शेवटी सगळे मिळून चहा प्यायचे. मायलेकींनी एकही भाग चुकवला नव्हता. त्याच शिंपीणबाईंवर आता कुणीतरी नवीकोरी कादंबरी लिहिली होती.

पहिल्या संध्याकाळी पहिल्याच प्रकरणात गावचा घड्याळजी मेला.

"बरं झालं," आई उशीतून म्हणाली. "मालिकेतही मेला खडूसच होता."

दोघी पोट धरून हसल्या. मग आई म्हणाली, "पण गाडी सुटत असल्यासारखी काय वाचतेस गं?"

"दिवसभर उभी असते मी, आई."

आईची दुपार सरावी म्हणून बेबीने पुढची दोन प्रकरणं घाईघाईने जुन्या मोबाइलमध्ये बोलून ठेवली. पुस्तक पर्समध्ये टाकलं, डब्याच्या सुट्टीत तिला स्वतःलाही वाचायचं होतं. शेजारच्या काकूंकडे किल्ली होतीच. जेवण द्यायचं, डोळ्यात थेंब घालायचे आणि मोबाइल सुरू करून द्यायचा, असं त्यांना सांगून ती गेली.

संध्याकाळी आई भलतीच खुशीत होती. "चौथं प्रकरण काय वाचलंस! शिंपीणबाई पाद्र्यांच्या कोटाचं अस्तर उसवतात आणि आत निळा दोरा निघतो, तिथे तर माझा श्वासच अडकला."

चौथं प्रकरण बेबीने वाचलंच नव्हतं. जुन्या एखाद्या भागातलं आठवत असेल, तिने स्वतःची समजूत घातली. हात धुऊन पुस्तक उघडलं. कोट होता, अस्तर होतं, निळा दोराही होता. तिने पुस्तक मिटलं आणि उगाचच गॅस बंद आहे ना ते बघून आली.

दुसऱ्या दिवशी कामावरून परतताना बेबीला काकू जिन्यात भेटल्या.

"आज सुट्टी होती का तुला? दारापर्यंत आले तर तुझं वाचन चाललेलं. म्हटलं, लेक घरात आहे तर मी कशाला मधे तडमडू? माघारी फिरले."

"मोबाइल असेल तो, काकू."

"मोबाइल आईला पाणी हवंय का विचारतो होय?" काकू हसल्या आणि खाली उतरल्या.

बेबी धावतच घरात शिरली. मोबाइल बंद पडला होता, चार्जरची पिन सुटून खाली लोंबत होती. जेवणाचं ताट घासून पालथं घातलेलं. खाटेशेजारी पाण्याचा पेला होता, नळी आईच्या तोंडाच्या बाजूला वळवलेली.

"आई, थेंब कुणी घातले आज?"

"तूच की."

"आई, मी कामावर होते."

 आई समजुतीच्या सुरात म्हणाली, "चेष्टा करू नकोस गं. दुपारी किती छान असतेस तू. सावकाश वाचतेस, पाठीवरून हात फिरवतेस. संध्याकाळीच तुझ्या अंगात काय येतं?"

 बेबीला भीती वाटलीच. पण भीतीच्या आधी, तिला कबूल करावं लागलं, हेवा आला होता.

तिने कुलूप तपासलं, खिडक्या तपासल्या. कपाटातली वस्तू न् वस्तू जागेवर. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर झाली.

सकाळी स्वतःलाच वेड्यात काढत ती नेहमीसारखीच निघाली. प्रयोगशाळेत एक कवळी हातातून निसटून तिच्यातले दोन दात उडाले. मालकांनी बेबीच्या तोंडाकडे बघितलं आणि न विचारताच अर्ध्या दिवसाची रजा दिली.

जिना चढतानाच तिला आवाज ऐकू आला.

तिचाच आवाज. पण संथ. प्रत्येक पात्राला वेगळा, शिंपीणबाईंना किंचित खर्जातला. शेवटचं प्रकरण चाललं होतं.

पुस्तक तिच्या पर्समध्ये होतं. तिने वरून चाचपून पाहिलं.

किल्ली आवाज न करता फिरली. खोलीचं दार अर्धं लोटलेलं. फटीतून आईच्या टाचा तेवढ्या दिसत होत्या.

तिला हाक मारायची होती. ओठ हलले, घशातून काहीच बाहेर पडलं नाही.

"थांब गं जरा, बेबी," आतून आई म्हणाली. "दारात कुणी आलंय का?"

वाचन थांबलं.

मग तिचाच आवाज आला, मायेचा, कसलीही घाई नसलेला.

"नाही गं, आई. कुणी नाही. तू ऐक."