पट्टीवरची नोंद

भावजयीनं नणंदेचा अँब्युलन्सवरच्या गणवेशाचा शर्ट चिमट्यात धरून उचलला आणि हात होईल तितका लांब करून बादलीत टाकला... मेलेला उंदीर टाकावा तसा! मोरीत खिळ्याला टांगलेला तो जुना चिमटा खास तिच्याच कपड्यांसाठी होता.

"रागावू नका हं ताई, पण मला ना, बघूनच मळमळतं."

शर्टावरचं रक्त एका बाळंतिणीचं होतं. सकाळी अँब्युलन्समध्येच ती मोकळी झाली होती, आणि बाळाचा पहिला श्वास हिच्या तळहातावर फुटला होता... पण हे रक्त कुणाचं, जगलं का मेलं, असं या घरात सहा वर्षांत कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं! तिचा कप वेगळा, टॉवेल वेगळा, आणि जेवताना तिच्या शेजारची खुर्ची नेहमी रिकामी. इतकी अवहेलना गिळून ती आत जायची आणि बाबांची पट्टी बदलायची.

दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताच्या झटक्यानं बाबांचं अर्धं अंग लुळं पडलं, वाचा गेली, आणि अंथरुणाला खिळून कमरेवर जखम झाली. त्या जखमेचा वास आला की आई खिडकीशी जाई, भाऊ रुमाल नाकाला लावून दारातूनच "कसं काय बाबा?" म्हणे. सकाळ-संध्याकाळ पट्टी बदलून, चिकटपट्टीवर वेळ आणि जे जे झालं ते लिहायचं, ही अँब्युलन्सवरची शिस्त तिनं घरातही पाळली होती.

"मी सैन्यात चालले," ती बादलीकडे पाहत म्हणाली. "वैद्यकीय तुकडीत. उद्या शेवटची तपासणी, पुढच्या आठवड्यात हजर व्हायचं. मागच्या वर्षी बाबांसाठी थांबले. आता वयाच्या अटीत हे शेवटचंच वर्ष आहे."

आईनं तोंडाला पदर लावला.

"अगं, मग यांचं कोण करणार?"

"ताई, तुझ्या हाताला सवय आहे गं," भाऊ काकुळतीला आला. "आम्हाला ओकारी येते! तू गेलीस तर बाबा सडतील..."

सवय! तिच्या मनात शिसारी दाटून आली. रस्त्यावरचे तुटलेले पाय उचलताना जिला कधी ओकारी आली नव्हती, तिला आपल्या सख्ख्या भावाच्या त्या स्वच्छ, मऊ, कशालाही न लागलेल्या हातांची किळस आली! तिच्या ज्या हातांना चिमट्याच्या अंतरावर ठेवलं, तेच हात आता यांना हवे होते.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या खोलीत टेबलामागचा अधिकारी तिची सर्टिफिकेटं चाळत म्हणाला, "अनुभव चांगला आहे. पण तो दाराशी ठेवून आत यायचं. इथे साध्या पट्टीपासून पुन्हा शिकवतात. चालेल?"

"चालेल."

"रक्ताची किळस?"

"रक्ताची नाही."

"मग कशाची?"

'चिमट्याची' हे उत्तर ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं, आणि अधिकाऱ्यानं हसून शिक्का मारला.

तपासणी लांबली. परतीच्या बसमध्ये सहा वाजून गेले, बाबांच्या पट्टीची वेळ टळून गेली, आणि तिच्या डोळ्यांपुढे ती ओली चादर, भिंतीकडे वळलेला तो असहाय चेहरा उभा राहिला... नाही! घरच्यांचा कितीही तिटकारा आला तरी त्याची शिक्षा बाबांनी का भोगायची? उद्या फोन करून नाही म्हणून सांगायचं, असं तिनं ठरवून टाकलं. डोळे मात्र घर येईपर्यंत वाहत राहिले.

दार उघडताच जंतुनाशकाचा उग्र वास आला. ती धावतच आत गेली. बाबा कुशीवर होते, चादर कोरडी होती, आणि कमरेवर वाकडीतिकडी, पण स्वच्छ पट्टी! चिकटपट्टीवर भावाचं शाळकरी अक्षर होतं: '५:४०. जखम लाल. पू नाही. उलटी १.'

उलटी! तिनं बाबांचं तोंड तपासलं, छातीला कान लावला.

"बाबांना उलटी झाली, आणि मला फोन नाही केलास?" ती ओरडली. "श्वासनलिकेत गेली असती म्हणजे?"

मोरीतून भाऊ बाहेर आला. चेहरा पांढराफटक, हातात स्वतःचा धुतलेला शर्ट.

"बाबांची नाही गं, ताई... माझी."

तिनं चिकटपट्टीवरची नोंद पुन्हा वाचली.

"तूच म्हणतेस ना, जे जे झालं ते सगळं लिहायचं!" त्याला रडू फुटलं. "हे... हे तू रोज करत होतीस? आणि आम्ही तुझा कप वेगळा ठेवत होतो? थू माझ्यावर!"

मागे भावजय मान खाली घालून उभी होती. "मी आधी चिमटाच शोधत होते, ताई," ती रडत म्हणाली. "पण बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं... मग हातानंच धरलं त्यांना."

आईनं लेकीचे दोन्ही हात, न धुतलेले, तसेच आपल्या गालांना लावले.

"वेड्या," भावाला जवळ ओढत ती हुंदके देत हसली, "नोंद फक्त पेशंटची करायची असते!"

सहा दिवस तिनं त्याला पट्टी शिकवली. सातव्या सकाळी बॅग दाराशी ठेवून ती बाबांच्या पाया पडायला गेली. बाबांनी चांगला हात तिच्या डोक्यावर ठेवला. पट्टीवर ताजी नोंद होती: '६:१०. जखम भरतेय. उलटी ०.'

भाऊ शेजारी उभा होता. त्याच्या गालांवरून धारा लागल्या होत्या.

"आणि हे?" तिनं बोटानं त्याचे डोळे पुसले. "हे नाही लिहिलंस?"

"ते पेशंटचं नाही ना, ताई," तो म्हणाला, आणि तिची बॅग उचलली.