अचूक अंदाज

नॉर्वेच्या उत्तर टोकाला, स्कारविक नावाच्या किनारी गावातल्या अवकाश-हवामान केंद्रात डॉ. शर्वाणी तेंडोलकर पडद्यावरच्या आलेखाकडे डोळे वटारून बघत होती. आलेखात काहीच चूक नव्हती आणि नेमका त्याचाच तिला संताप आला होता.

तिच्या अंदाजाप्रमाणे काल समुद्रावर ध्रुवप्रकाश उसळायला हवा होता. सौरकण ठरल्या जागी आले, आकाशही निरभ्र होते. दिसला फक्त काळोख. परवा तेच, त्याआधीही तेच. मालवणहून आलेले तिचे जनार्दनमामा ट्रायपॉडवर फिल्मचा कॅमेरा लावून वाऱ्यात कुडकुडत उभे राहायचे आणि हात हलवत परतायचे. उद्या त्यांचे विमान होते. काचबिंदूने त्यांची नजर कडांकडून मिटत चालली होती, पुढच्या हिवाळ्याची खात्री डॉक्टर देत नव्हते. उभा जन्म स्टुडिओत नवराबायकोंचे फोटो काढलेल्या या माणसाला समुद्रावरच्या त्या उजेडाचा एक फोटो स्वतःसाठी हवा होता.

"तुझ्या अंदाजापरास आमचा पंचांग बरा गो," मामा खुर्चीतून म्हणाले.

"अंदाज बरोबरच आहे, मामा."

"मगे उजेड खंय गेलो?"

उत्तर सिग्रूनकडे होते. सिग्रून म्हणजे गावाच्या वीजयंत्रणेची अभियंता.

"उजेड आम्ही घेतला," तिने सरळ सांगून टाकले. "सौरकण हवेवर आदळतात, त्या धडकेचा उजेड म्हणजे ध्रुवप्रकाश. आमच्या जहाजांवरचे कणग्राहक धडकेआधीच ती ऊर्जा काढून घेतात. त्यावरच तर गाव उबदार राहतं."

"पण ते एकाच दिशेला रोखलेले असतात ना?" शर्वाणीने विचारले.

"गेल्या वर्षीपर्यंत होते. आता तुझा अंदाज थेट त्यांना जोडलाय. तू म्हणशील तिकडे ते वळतात."

शर्वाणीला हसावे की रडावे कळेना. "एकदाच खोटा अंदाज दिला तर?"

"या थंडीत घरांमधले हीटर बंद पडतील."

"मग माझा अंदाज आपसूक चुकेल तिथेच प्रकाश दिसणार."

"तोही थोडाच वेळ. प्रवाशांच्या फोनमधले फोटो वाचून तुझी प्रणाली चूक लगेच सुधारते."

ती सोय शर्वाणीनेच केली होती. तिच्या चाचणीसाठी पहिला फोन जोडला तोही स्वतःचाच. ज्या चुका काढण्यात उमेदीची सगळी वर्षे घालवली, त्यांतली एखादी उरली आहे का, हे आता तिला शोधत बसावे लागले. एक सापडली. डोंगरामागच्या खाडीवर मापनयंत्रे नव्हती, आणि तिथला तिचा अंदाज होता: काहीही दिसणार नाही. म्हणजे कणग्राहक तिकडे वळणारच नव्हते.

जेवण उरकून दोघे निघाले. घड्याळात दुपार होती, पण या दिवसांत तिथे सूर्य उगवतच नाही. खाडीशी पोहोचले तेव्हा पाण्यावर हिरवा पडदा हलत होता. खडकांवरचा बर्फसुद्धा हिरवा दिसत होता. मामांनी घाईघाईने ट्रायपॉड उभा केला, हातमोजे काढले आणि कॅमेऱ्याला डोळा लावला.

"थांब गो, माका फोकस गावणा नाय," ते पुटपुटले. उरल्यासुरल्या नजरेत एवढे आकाश बसवायचे म्हणजे वेळ लागणारच.

शर्वाणी मागे उभी होती. समोर तो सगळा उजेड आणि त्यात मामांची वाकलेली पाठ. आईने आपल्या भावाला असे बघायलाच हवे, असे तिला फार वाटले. तिने खिशातून फोन काढला आणि एक फोटो घेतला.

फोन थरथरला. पडद्यावर अक्षरे उमटली: 'नोंद मिळाली. अंदाज सुधारला आहे.'

ती धावत पुढे झाली, पण सांगायला तोंड उघडेपर्यंत क्षितिजाकडून हिरवा रंग ओसरू लागला होता. मग खडक गेले, पाणी गेले. मामांनी अजून बटण दाबले नव्हते. त्यांनी डोळा कॅमेऱ्यावरून काढला, चोळला, पुन्हा लावला.

"शर्वू," ते अगदी हळू म्हणाले, "माझे डोळे गेले वाटता गो. कायच दिसणा नाय."

शर्वाणीने त्यांचा गारठलेला हात हातात घेतला.

"डोळे आहेत, मामा," ती म्हणाली. "मी फोटो काढला."