नाहीचं बटण

अकोल्याच्या प्रशिक्षणात माणसं बावीस आणि कॉम्प्युटर अकरा. म्हणून माझ्या वाट्याला श्रावण आला.

"माउस तुमी धरा, किबोर्ड मी पाह्यतो," तो म्हणाला. मी माउस धरला. थोड्या वेळानं त्याचा हात चुकून माझ्या हातावर आला... आणि चुकूनच जरासा राहिला.

ही दोन हजार सातची गोष्ट. कपाशीवर पिठ्या ढेकणाची कीड पडली होती आणि आमची संस्था गावोगाव त्यावरची पत्रकं वाटायची. तो अकोल्याच्या ऑफिसात, मी अमरावतीच्या. प्रशिक्षण संपलं तसे दर शुक्रवारी त्याचे मेल सुरू झाले. 'सोबत अहवाल जोडला आहे.' मागोमाग फोन.

"पाह्यलं काय?"

"पाह्यलं."

"मंग... कसं वाटलं?"

"बरं आहे. पण जुळत नाही."

आता अहवालातल्या बेरजा खरंच जुळायच्या नाहीत, त्याला मी काय करू? तो 'बरं' म्हणून लगेच फोन ठेवायचा. बेरजेचं इतकं मनाला लावून घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. चार शुक्रवार असं झालं, मग फोन बंद. नुसते मेल.

तीन महिन्यांनी एका शनिवारी पुन्हा तोच आवाज.

"मॅडम, पत्रक पाठवलं. अक्षरं फुटू नये म्हणून फॉन्टही त्याच फाइलीत बांधून देल्ला, प्रोग्रामच केला तिचा. लवकर पाहून घ्या, उद्या मी नाही. चांदूर बाजारले जाऊन राहिलो."

"काहून?"

"पोरगी पाहाले. आईनं ठरवलं."

मी त्याचा मेल उगाच दोनदा उघडला. "जा न मंग," मी म्हटलं, "पण तुमच्या मेलमधी तर काहीच नाही."

"जोडलं न बाई मी!"

"मंग काय मी खाल्लं? वर एक पट्टी दिसते फक्त. असुरक्षित फाइल अडवली म्हणते."

"मले असुरक्षित म्हणते?"

"माणसाची पारख दिसते त्याले."

तो हसला. कितीतरी दिवसांनी. दोष आमच्या कमलाकांत सरांचा होता. एकदा व्हायरसनं सगळ्या फाइली खाल्ल्या, तेव्हापासून त्यांनी कॉम्प्युटरला सगळी कुलपं घातली होती आणि वर लिंबू-मिरची बांधली होती.

"टूल्स, ऑप्शन्स, सिक्युरिटी," श्रावण सांगत गेला. "व्हायरस असू शकते अशी फाइल उघडू देऊ नका, त्याच्यापुढची खूण काढा."

सर चहाला गेले होते. मी खूण काढली. पत्रक उघडलं.

"झालं? ठेवतो मंग," म्हणत त्यानं फोन ठेवलाही.

पण मला एक खोड आहे. एक दार उघडलं, की बाजूचीही ढकलून पाहायची. मी जुने मेल काढले. पहिल्या शुक्रवारी अहवालाच्या खाली आणखी एक फाइल होती, तीही अडवलेली; अहवाल उघडायचा, म्हणून वरच्या पट्टीकडे मी कधी पाहिलंच नव्हतं... तिचं नाव, कुंदा. म्हणजे माझंच.

उघडली. पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, पिवळं फूल हळूहळू गुलाबी झालं. खाली प्रश्न: 'आवडलो काय?' आणि दोन बटणं. हो. नाही.

उगाच, काय होतं ते पाहायला, मी बाण 'नाही'कडे नेला. बटण सरकलं! मी मागे, ते पुढे. कोपऱ्यात गाठलं, तर तिथूनही निसटलं. माझं हसू ऐकून दारातून सर म्हणाले, "काय झालं? व्हायरस?"

"हो सर... लागला."

मी फोन लावला.

"आता काय नाही आलं?" श्रावण.

"सगळं आलं. पहिल्या शुक्रवारपासूनचं."

"ते फूल... आज पाह्यलं?"

"जुळत नाही, ते मी बेरजेले म्हणत होती."

"बेरजेले?" तो ओरडलाच. "आन् मी तीन महिने..."

"ते तुमचं 'नाही' काही सापडून नाही राहिलं."

"ते... कोणालेच नाही सापडत. तसंच केलं आहे."

मी 'हो' दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं.

"श्रावण, 'हो' दाबल्यावर काय होते?"



"ते करायचंच राह्यलं. तुमी दाबसान असं... वाटलंच नव्हतं."

"मंग?"

"आईले सांगतो, चांदूर बाजार रद्द," तो म्हणाला. "उद्या अमरावतीले येऊन करतो."