चार वाजता मिटणारी फळी

"बाई, उद्या भावाचा भागीदार येऊन फळी काढून नेणार आहे. नेऊ देऊ का?"

फोनवरचा आवाज फौजदार बाईंनी लगेच ओळखला. तीन आठवड्यांपूर्वी कारखान्यात मरून पडलेल्या डिझायनरची ही मोठी बहीण. घरीदारी सगळे तिला अक्काच म्हणत, आणि आता पोलीस ठाण्यातही तेच नाव पडलं होतं.

"अहो अक्का, फळी तुमची. द्यायची तर द्या, नाहीतर नका देऊ. यात पोलिसांचं काय काम?"

अक्कांनी आवाज खाली आणला.

"ती आपोआप मिटते, बाई. रोज चारच्या सुमाराला. त्याचं सामान ठेवलंय तिच्यावर, ते खाली फेकते आणि धाडकन भिंतीला जाऊन बसते. तो येतो हो. माझ्यावर रागावलाय."

सव्वीस वर्षांच्या नोकरीत बाईंनी बरीच भुतं पाहिली होती. सगळी शेवटी दोन पायांची निघाली होती. तरीही त्या उठल्या. एक तर 'पाय घसरून अपघाती मृत्यू' अशा शेऱ्याची फाइल अक्कांच्या सहीसाठी अडली होती, आणि दुसरं म्हणजे अक्कांचा आवाज. घाबरलेल्या माणसाचा तो आवाज नव्हता. शिक्षेची वाट बघणाऱ्या माणसाचा होता.

अक्कांचं घर म्हणजे एकच खोली. पलंग, कपाट, ओटा, आणि मधे दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने दाराबाहेर थांबायचं. कंबरेच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी अक्कांना पोटाचे आणि कंबरेचे व्यायाम रोज करायला सांगितले होते. पाय पसरायला जागा कुठे होती? म्हणून भावाने ही फळी काढली. उघडली की व्यायामाचं बाकडं, मिटली की तिच्या पोटाकडचा आरसा समोर येणार. खाली एकच गॅसची स्प्रिंग, म्हणजे दाबून गॅस भरलेली काळी नळकांडी. फळीचं वजन ती नेमकं तोलून धरी, त्यामुळे फळी एका बोटाने उचलायची आणि सोडाल तिथे थांबायची. हीच तिची सगळी खुबी.

फळी उघडी होती. वर पुस्तकांनी आणि कागदांनी भरलेलं एक जड खोकं होतं.

"हे कोणी ठेवलं?"

"भागीदाराने. भाऊ गेल्यावर चौथ्या दिवशी घेऊन आला. म्हणाला, त्याच्या वस्तू त्याच्याच फळीवर शोभतात, हलवू नका. मी चहासाठी खालून दूध आणेपर्यंत त्यानेच फळी उघडून मांडून ठेवलं."

"आणि मिटायला कधी लागली?"

"दुसऱ्या दिवसापासून."

"त्याआधी कधीच नाही?"

"कधीच नाही. भर उन्हाळ्यातसुद्धा नाही." अक्कांनी पदराने तोंड पुसलं. "आता ती मला खाली ओढवतही नाही. अंगाचं सगळं वजन टाकावं लागतं. तो वरून धरून ठेवतो."

बाई पलंगावर बसून राहिल्या. पश्चिमेच्या खिडकीतून आलेलं ऊन फरशीवरून पुढे सरकत होतं. फळीच्या पायाशी पोचलं. मग खालच्या काळ्या नळकांडीवर चढलं. बराच वेळ काहीच झालं नाही. अक्का डोळे मिटून बसल्या होत्या.

चार वाजायला सात मिनिटं असताना फळीचं टोक उचललं.

कोणी हात लावला नव्हता. वारा नव्हता. खोकं आधी जरासं कलंडलं, मग भिंतीकडे घसरलं आणि बाजूने खाली कोसळलं. त्याच क्षणी फळी अशी वर गेली की बाईंचे केस उडाले. धाड! आरशाला तडा गेलेला होता. त्यात अक्कांचा चेहरा दोन ठिकाणी दिसत होता.

बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. ते त्यांनी स्वतःशी कबूल केलं, आणि मगच खाली वाकून नळकांडीला हात लावला. चांगलीच तापली होती. सगळीकडून पाहिली, तिच्यावर कसलीही खूण नव्हती.

"कारखान्यातले मिस्त्री आले होते का इथे?"

"भाऊ गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी. दारातच बसून रडले, आत आलेच नाहीत. म्हणाले, ती फळी बघवत नाही." अक्कांनी फळीकडे बोट केलं. "बाई, ही माझ्यासाठी बनवली नसती, तर कारखान्यातली दुसरीही बनली नसती. माझ्या कंबरेपायी गेला तो. ते एकदा कागदावर लिहा, मी सही करते."

बाईंनी फाइल उघडलीच नाही.

बाहेर जीपमध्ये हवालदार कंबर चोळत होते.

"तुम्हाला काय झालं?"

"ते जुनंच आहे मॅडम. त्या दिवशी डिझायनरसाहेबांना बाहेर काढायला कारखान्यातली फळी मिटावी लागली ना, तेव्हाचं. दोघांनी मिळून उचलली ती फळी, तेव्हा कुठे हलली. माझी कंबर तेव्हापासून धरलीय, आणि लोक म्हणे कंबर सुधारायला ती विकत घेणार!"

बाई हसल्या नाहीत. सहाव्या दिवशी तपासणीला आलेल्या इंजिनियरने हीच फळी त्यांच्यासमोर एका बोटाने उचलली होती. अहवालात लिहिलं होतं: स्प्रिंग आराखड्याप्रमाणे, दोष नाही. त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

"गाडी कारखान्याकडे घ्या."

कारखान्यात मिस्त्री एकटेच होते. हाताला ग्रीस, कानामागे पेन्सिल, चेहरा आंबट.

"तुमचं आणि डिझायनरचं भांडण झालं होतं?"

"रोजच व्हायचं. तो कागदावर रेघ मारायचा आणि मी म्हणायचो, बाबा रे, लोखंडाला वाचता येत नाही."

"त्या दिवशी सकाळी तो काय करत होता?"

"रोजचंच. रात्रभर फळीवर वाळूच्या पिशव्या ठेवायच्या. सकाळी एकेक काढायची आणि फळी वाकलीय का ते बघायचं. गुडघ्यावर बसून, हनुवटी अगदी फळीच्या कडेला लावून, एका डोळ्याने. मी शंभरदा सांगितलं, पट्टी लावून बघ. तर म्हणायचा, पट्टी खोटं बोलते."

"ही सवय कोणाकोणाला ठाऊक होती?"

"आम्हा तिघांना. मी, भागीदार आणि तो स्वतः."

"स्प्रिंगा किती आहेत या मापाच्या?"

"दोनच. मुद्दाम करवून घेतल्या. मी स्वतः नंबर ठोकलेत. एक नंबर इथे, दोन नंबर अक्कांकडे. बाकी त्या मांडणीवर आहेत त्या मोठ्या यंत्राच्या, भलत्याच जोरकस. त्यावर नंबर नाहीत."

बाई चाचणीच्या खोलीत एकट्याच गेल्या. फळीखाली हातआरसा धरून पाहिलं. नळकांडीवर ठोकलेला आकडा स्पष्ट होता. दोन.

त्या बाहेर आल्या तोवर हवालदारांनी मिस्त्रींचा भंगाराचा डबा उपडा केला होता. वेड्यावाकड्या पट्ट्यांत एक स्प्रिंग पडली होती. नंबर एक. आतला गॅस गेलेला, दांडा हाताने सहज आतबाहेर होत होता. चकचकीत दांड्यावर पकडीच्या दातांचे ओरखडे होते.

"सापडला!" हवालदारांनी मिस्त्रींचा दंड धरला.

मिस्त्रींचं तिकडे लक्षच नव्हतं. ते त्या दांड्याकडे बघत होते, आणि त्यांचे कान लाल झाले होते.

"हे कोणत्या गाढवाने केलं? दांड्याला पकड लावतात का कधी? एक चरा पडला की रबर फाटतं आणि रात्रीत सगळा गॅस निघून जातो. नुसता टोकाचा चाप उचकटला की निघते ती. शिकाऊ पोराला पहिल्या दिवशी सांगतो आपण हे!"

"हात सोडा त्यांचा, हवालदार," बाई म्हणाल्या. "मिस्त्री, उद्या सकाळी अक्कांकडे या. आणि आज जे बोललो ते कोणापाशी बोलू नका."

दुसऱ्या दिवशी भागीदार अकरा वाजता आला. त्याआधी हवालदारांनी फळी उघडून खोकं पुन्हा वर ठेवलं होतं. परीटघडीचा शर्ट, हातात नवाकोरा पेचकस. खोलीत फौजदार बाई, हवालदार आणि मिस्त्री बघून तो दारातच थबकला, मग हसला.

"एवढी फौज? अहो, अक्कांना त्रास होतो म्हणून नेतोय. बिचाऱ्या घाबरतात."

"न्या की," बाई म्हणाल्या. "फक्त माझी एक शंका फेडा. फळी मला जरा वाकलेली वाटते. डिझायनर बघायचे तसं गुडघ्यावर बसून, कडेला हनुवटी लावून बघता का? आधी ते खोकं काढा, म्हणजे नीट दिसेल."

भागीदाराने खोक्याकडे पाहिलं. मग फळीकडे.

"माझे गुडघे दुखतात. मिस्त्री बघतील."

"मिस्त्रींचे गुडघे तुमच्याहून वीस वर्षं जुने आहेत."

"मला त्यातलं काही कळत नाही हो. मी बाहेरचं बघतो, गिऱ्हाईक, कागदपत्रं..."

"खोकं उचलायला काय कळावं लागतं?"

तो जागचा हलला नाही.

"मी बघतो की, त्यात काय एवढं," म्हणत मिस्त्री गुडघ्यावर बसले, हनुवटी कडेला लावली आणि दोन्ही हात खोक्याला घातले. भागीदार एक पाऊल मागे सरकला. बाईंनी मिस्त्रींची कॉलर धरून त्यांना मागे खेचलं.

"हवालदार, काठी."

हवालदारांनी लांबून काठीने खोकं ढकललं. ते पडताच फळी सणसणत वर गेली. मिस्त्रींचं डोकं क्षणापूर्वी जिथे होतं, तिथून. आरशाच्या काचा खळ्कन खाली आल्या.

मिस्त्रींनी आपली हनुवटी चाचपली.

"असंच मारलंत त्याला," बाई भागीदाराकडे वळल्या. "आदल्या संध्याकाळी तुम्ही कारखान्यातली एक नंबरची स्प्रिंग काढली आणि मोठ्या यंत्राची जोरकस स्प्रिंग बसवली. वर पिशव्या होत्या, म्हणून फळी गप्प राहिली. सकाळी त्याने नेहमीसारखी हनुवटी टेकवली, शेवटची पिशवी काढली, आणि फळीने त्याचा जबडा फोडून त्याला मागे ठेवलेल्या कामाच्या लोखंडी घोडीवर फेकलं. तो सापडला कोणाला? तुम्हालाच."

"पण स्प्रिंग तर बरोबर निघाली! अहवालात आहे."

"निघायलाच हवी होती. फळी सदोष ठरली असती तर ती घेतली कोणी असती? तुम्हाला डिझायनर नको होता, फळी हवी होती. नोंदणी कचेरीत मी आज सकाळी विचारून आले. फळीच्या हक्काच्या अर्जावर तुमचं एकट्याचंच नाव आहे. मरण्याआधी दोन दिवस तोही तिथे विचारून गेला होता."

हवालदार दारात जाऊन उभे राहिले.

"पुढे ऐका. खून झाल्यावर तुम्ही घाईघाईने जुनी स्प्रिंग परत लावली. पण काढताना तुम्ही दांड्याला पकड लावली होती, त्यामुळे रात्रीत तिचा गॅस गेला होता. म्हणून फळी इतकी जड झाली की आमच्या हवालदारांची कंबर धरली. आता तपासणीला इंजिनियर येणार, आणि या मापाची धड स्प्रिंग जगात एकच उरली होती. ती या खोलीत. चौथ्या दिवशी तुम्ही समाचाराला आलात. अक्का कंबरेमुळे सावकाश चालतात, जिना उतरून दूध आणायला दहा मिनिटं लागणार. तेवढ्यात दोन नंबरची काढून घेतलीत. इथे गळकी लावली असती तर फळी पडत राहिली असती आणि अक्कांनी मिस्त्रींना हाक मारली असती. म्हणून खोक्यातून आणलेली तीच मोठ्या यंत्राची स्प्रिंग लावलीत आणि ती दबून राहावी म्हणून वर खोकं ठेवलंत. गळकी गेली मिस्त्रींच्या भंगारात. उद्या काही निघालंच, तर निस्तरायला मिस्त्री होतेच."

"मग... मग हे चार वाजता?" मिस्त्रींनी विचारलं, आणि त्यांचं त्यांनाच उत्तर सापडलं. "ऊन! नळकांडी तापली की गॅस फुगतो, जोर वाढतो."

"खोक्याचं वजन जेमतेम पुरत होतं. त्यावर ऊन भारी पडलं," बाई म्हणाल्या. "भागीदारसाहेब, तुम्ही वस्तू विकल्यात, हाताने कधी केल्या नाहीत. नाहीतर पकड आणि ऊन, दोन्ही गोष्टी तुम्हाला ठाऊक असत्या."

भागीदार अक्कांकडे वळला. "अक्का, तुम्ही तरी सांगा यांना. मी तुमच्याशी किती..."

अक्कांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. हवालदार त्याला घेऊन जिना उतरले. पायऱ्यांवरचे पाय बराच वेळ ऐकू येत होते.

मिस्त्रींनी टोकाचा चाप उचकटून स्प्रिंग काढली आणि फडक्यात गुंडाळून बाईंच्या हातात दिली.

"म्हणजे माझ्यामुळे नाही ना गेला तो?" अक्कांनी विचारलं.

"नाही, अक्का. तुमची फळी चोख होती. त्याच्या हातून काही चुकलं नव्हतं."

अक्कांनी मान हलवली. त्यांना बरं वाटेल अशी बाईंची अपेक्षा होती. पण अक्का त्या फडक्याकडेच बघत होत्या.

"हिनेच मारलं त्याला?"

"हो."

"आणि मी रोज हिच्याशी बोलत होते," अक्का म्हणाल्या. "तोच आहे असं समजून. फळी मिटली की जवळ जाऊन हात ठेवायचे. सांगायचे, असा त्रागा करू नकोस रे. भागीदार येतो मधून मधून, विचारपूस करतो. एवढं तरी माणूस ठेवून गेलास माझ्यासाठी."

मिस्त्री खाली बसून काचा वेचू लागले, आणि थोड्या वेळाने बाईही त्यांच्याशेजारी बसून वेचू लागल्या.