बिनखाड्याची माणसं

राज्यात साठी उलटलेल्या प्रत्येकाच्या मनगटावर नाडीपट्टी होती आणि त्या सव्वादोन कोटी मनगटांची माहिती एकाच विदागारात जात होती. नाडी, श्वास, पावलं, झोप. विदागार म्हणजे माहितीचं कोठार. पण प्रत्येक सेकंदाची माहिती जशीच्या तशी ठेवायची म्हटलं, तर कितीही मोठं कोठार अपुरंच पडलं असतं. मग ते पुरतं कसं, या विषयावर शाल्मली पीएचडी करत होती.

"ते मला नको सांगू," रेश्माकाकू म्हणाल्या. शाल्मली चार वर्षं त्यांच्या मेसमध्ये जेवत होती. आज भर दुपारी त्या स्वतःच प्रयोगशाळेत आल्या होत्या, बोटांना कणीक तशीच. "नीलेशदादाचा चार दिवस फोन नाही. केला तर उचलत नाही. एकटा असतो गं तिथे. एवढंच बघ, बरा आहे ना?"

भावाच्या नोंदीवर वारस म्हणून काकूंचं नाव होतं. त्यांनी अंगठा लावला आणि पडदा उजळला. वय एकाहत्तर, मुक्काम आंबेखिंड. सकाळी सहा दहाला उठले. नाडी बहात्तर. प्रकृती उत्तम.

"छान आहेत की, काकू."

"मग फोन उचलायला काय धाड भरलीय याला?" काकू हसल्या आणि खुर्चीत टेकल्या. "पण हे आत्ताचं आहे ना? आत्ता मोजलेलं?"

शाल्मलीने नीट उत्तर द्यायचं ठरवलं. "तुम्ही दुधाचे खाडे कॅलेंडरवर मांडता ना?"

"मांडते. दूध आलं नाही की फुली."

"आणि येतं त्या दिवशी?"

"तेव्हा कशाला काय लिहू? आलं म्हणजे आलं."

"विदागार तेच करतं. प्रत्येक माणसाची उद्याची नाडी ते आजच वर्तवतं. तो अंदाज पट्टीलाही माहीत असतो. खरी नाडी अंदाजाशी जुळली, तर पट्टी गप्प बसते. नाही जुळली, तरच कळवते. त्याला आम्ही खाडा म्हणतो. साठवायचे ते फक्त खाडे. बाकीचं कुणी विचारलं की गणिताने काढून दाखवायचं."

"म्हणजे हे बहात्तर मोजलेलं नाही."

"काढलेलं आहे. पण बरोबर असतं."

काकू पडद्याकडे बघत राहिल्या. "आम्ही गावाला गेलो की घरात फुली मारायला कुणी नसतं. परत येऊन बघावं तर कॅलेंडर कोरं. मग दूध रोज आलं असं धरायचं का?"

"त्यासाठी हजेरी असते, काकू. पट्टी दिवसातून एकदा 'मी चालू आहे' एवढं कळवते. थांबा, दाखवते."

तिने हजेरीची नोंद शोधली. ती सापडली नाही. जुन्या दुरुस्त्यांच्या यादीत मात्र नऊ वर्षांपूर्वीची एक ओळ होती. हजेरी रोज येते, म्हणजे तिचाही अंदाज बांधता येतो. जे वर्तवता येतं ते साठवायचं नाही. सबब हजेरीही गाळली. शाल्मलीने ही ओळ पूर्वी वाचली होती. प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात तिने तिचं कौतुकही केलं होतं.

तिने नीलेशदादांची नोंद पुन्हा उघडली. नीलेशदादांचा शेवटचा खाडा सव्वीस महिन्यांपूर्वीचा होता. वर्षभरात एकही खाडा नसलेली माणसं किती, असं तिने विदागाराला विचारलं. उत्तर लगेच आलं: अकरा लाख चाळीस हजार. सगळ्यांची प्रकृती उत्तम.

"काकू, त्यांच्या शेजारी कुणी आहे?"

काकूंनी फोन लावून स्पीकरवर ठेवला. शेजारच्या आरोहीने तो घेतला. तिला मागच्या दाराने आत जायला सांगितलं. कडी वाजली, मग "दादा, अहो दादा" असं दोनदा ऐकू आलं आणि मग किंकाळी.

"न्हाणीघरात पडलेत! श्वास आहे, पण हाक मारली तर डोळे उघडत नाहीत."

"हातात पट्टी आहे?" शाल्मलीने विचारलं.

"नाही हो. ती फडताळावर बंद पडलीय कधीची. धूळ बसलीय."

"पट्टी मरू दे!" काकू ओरडल्या. "रुग्णवाहिका बोलाव!"

आरोहीने दुसऱ्या फोनवरून नंबर लावला. खोट्या फोनांवर गाड्या जाऊ नयेत म्हणून प्रत्येक मागणी आधी विदागाराशी ताडून पाहिली जाई. पलीकडचा नम्र यांत्रिक आवाज इथपर्यंत ऐकू आला. "सदर व्यक्तीची प्रकृती उत्तम असून ती सध्या फिरायला गेली आहे. मागणी नामंजूर."

"काय बोलतंय हे?" आरोही रडकुंडीला आली. "मी हात धरून बसलेय त्यांचा!"

"तू खाडा मांड," काकूंनी शाल्मलीचा दंड धरला. "आत्ता मांड!"

"माझ्याकडून घेत नाही ते, काकू. फक्त पट्टीकडून घेतं." तरी तिने प्रयत्न केला. दोनदा. मग फोन ओढून घेतला. "आरोहीताई, गावात जीप, टेम्पो, जे असेल ते बोलवा. वाट पाहू नका."

"ह्यांना पाठवलंय टेम्पो आणायला. वीस मिनिटं तरी लागतील."

"नाडी लागतेय का बघ," काकू म्हणाल्या. "मोठ्याने मोज. मला ऐकू दे."

आरोही मोजू लागली. एक. दोन. मग बराच वेळ काही नाही. तीन.

पडद्यावर नीलेशदादा खिंडीचा चढ चढत होते. नाडी अठ्ठ्याऐंशी, एकसारखी.

"पुढे?" काकू म्हणाल्या. "आरोही, पुढे मोज ना."