कोरडी फरशी

दुपारी डबा उघडून डॉक्टरीणबाई पहिला घास घेणार, तोच सिस्टर दारात येऊन उभी राहिली.

"मॅडम, लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस आणलाय. वरून पडलाय. आणि... रिकामा पलंग तेवढा कोपऱ्यातलाच आहे."

बाई डबा तसाच टाकून उठल्या. कोपऱ्यातल्या पलंगावर रक्त वाहणारा माणूस जगत नाही, अशी अपघात विभागात कुजबुज होती. बाई ती हसण्यावारी नेत. पण मागे त्याच पलंगावर एक पोरगी त्यांच्या डोळ्यांदेखत गेली, गोठवलेला प्लाझ्मा वितळायची वाट बघता बघता. रक्त गोठतं ते त्या पिवळ्या द्रवामुळे. तेव्हापासून सगळ्यांशी भांडून बाईंनी दोन पिशव्या आधीच वितळवून विभागातल्या फ्रिजमध्ये ठेवायला लावल्या होत्या.

माणूस पांढराफटक पडला होता. कंबरेचं हाड मोडलेलं, मांडी फाटलेली. कंबरेला पट्टा आवळला, जखम दाबून धरली, तरी रक्त कापडातून झिरपतच होतं. पाण्यासारखं पातळ, गोठायचं नाव नाही. दाराशी त्याची बायको भिंतीला धरून उभी होती.

"वाचतील ना हो?"

"तुम्ही बाहेर बसा. मी आहे इथे."

टप्... टप्... पलंगाच्या कडेवरून रक्त खाली गळत होतं. बाईंची नजर सहज खाली गेली.

फरशी कोरडी ठणठणीत होती.

मग तो आवाज आला. पलंगाखालून, अगदी हलका. तहानलेलं जनावर पाणी पितं तसा. लप्... लप्... गंजक्या लोखंडाचा वास दाटून आला, पायांना गारठा झोंबला.

"मॅडम..." सिस्टर कुजबुजली. "त्या पोरीच्या वेळीही... असंच... खाली वाकू नका."

 त्या पोरीचा विषय निघाला आणि बाईंच्या मनात भीतीच्या जागी संताप उसळला. त्यांनी वरिष्ठांना फोन लावला.

"आधी रक्तच चढव," पलीकडून उत्तर आलं. "प्लाझ्माचं मग, रक्ताचा रिपोर्ट आल्यावर बघू."

"रिपोर्ट येईल तेव्हा माणूस नसेल, सर. मी आत्ता देतेय."

रक्ताच्या लाल पिशवीशेजारी प्लाझ्माची पिवळी पिशवी लटकली. खालचा आवाज अधाशी झाला. ओलं, गार असं काहीतरी बाईंच्या घोट्याभोवती आवळलं. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"पी," त्या दातओठ खात म्हणाल्या. "किती पितोस ते बघतेच. इथे भरणारी मी आहे... सिस्टर, दुसरी लाव!"

दुसरी पिशवी अर्धी झाली. जखमेतलं रक्त गडद, दाट होऊ लागलं. खालचा आवाज अडखळला. घशात गुठळी अडकावी तसा ठसका आला, फरशीवर काहीतरी खरवडलं आणि घोट्यावरची पकड सुटली.

टप्.

थेंब पडला आणि तिथेच राहिला. लाल, गोल, ओला.

"मॅडम, डाग!" सिस्टर रडत रडत हसली.

माणसाला ऑपरेशनला नेलं. संध्याकाळी सर्जन बाहेर येऊन एवढंच म्हणाले, "जगेल." बायकोने बाईंचे दोन्ही हात घट्ट धरले. 

हात धुऊन बाई विभागात परतल्या. "सिस्टर, दोन नव्या पिशव्या लागतील. यापुढे रोज. कुणी बोललंच तर माझं नाव सांग."

"रक्तपेढीतून मघाशीच आल्यात. मीच ठेवल्या."

बाईंनी फ्रिज उघडला. एक पिशवी भरलेली होती. दुसरी चपटी, रिकामी. सील शाबूत, कुठे छिद्र नाही, खालचा कप्पा कोरडा. त्यांनी ती उचलली. एवढ्या गारठ्यात ती अंगासारखी कोमट होती.

"दोन नाही," बाई सावकाश म्हणाल्या. "चार मागव."

त्यांच्या हातातली रिकामी पिशवी हळूच फुगली... आणि पुन्हा बसली. कुणी आतून श्वास घ्यावा तशी.