अनसाआक्काचं घर का पडलं?

खैरमाळ गावात ग्यानबा गवंड्यांनी एकाच वर्षी दोन घरं बांधली होती. एक स्वतःचं, माळावर. दुसरं थोरल्या बहिणीचं, अनसाआक्काचं, खाली ओढ्याकडच्या सपाटीवर. दगड एकाच खाणीतला, सिमेंट एकाच दुकानातलं आणि बांधणारे हातही तेच. मग भूकंपात माळावरच्या घराला नुसत्या चिरा पडल्या आणि आक्काचं घर मात्र पार बसलं, असं का?

आक्का त्या वेळी घरातच होती. ती वाचली नाही.

ग्यानबांनी या कोड्याचं उत्तर स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं. "माझाच हात कुठंतरी ढिला पडला," ते म्हणायचे.

"मग आबा, आपलं घर कसं राहिलं?" त्यांची नात निशी विचारायची. त्यावर ते उठून अंगणात जायचे.

उन्हाळा सरता सरता डॉ. शर्वाणी लोंढे गावात आल्या. त्या भूकंपशास्त्रज्ञ होत्या आणि त्यांच्यासोबत होत्या यंत्रमुंग्या. एकेक मुंगी विटेएवढी, सहा पायांची. तिच्या पोटात भूकंपमापक (जमिनीची बारीकशी थरथरही टिपणारं यंत्र) बसवलेला. मुंग्या माळापासून ओढ्याकडे एका ओळीत चालत गेल्या आणि ठरल्या जागी पाय मातीत रोवून बसल्या. शेवटची आक्काच्या रिकाम्या जोत्यापाशी थांबली.

"शर्वाणीताई, आता काय करायचं?" निशीनं विचारलं.

"ऐकायचं. मोठ्या भूकंपानंतर जमीन कितीतरी महिने लहान लहान धक्के देत राहते. त्यांना पश्चात धक्के म्हणतात. प्रत्येक धक्क्याबरोबर खोलवरून लाटा निघतात. वाटेत त्यांना काय काय लागलं, ते त्यांच्या चालीवरून ओळखता येतं."

"चालीवरून?"

"कठीण खडकात लाट सुसाट पळते, सेकंदाला चार-पाच किलोमीटर. भुसभुशीत मातीत तीच लाट रेंगाळते. कुठल्या मुंगीकडे ती कधी पोचली हे समजलं, की खाली खडक किती आणि माती किती, हे काढता येतं."

दोन दिवसांनी दुपारी फडताळातली भांडी खडखडली. निशी धावतच ताईंच्या तंबूत गेली. तिथं हवेत उजेडाच्या रेघा तरंगत होत्या, एका मुंगीची एक. माळावरच्या रेघा जराशा थरथरून शांत झाल्या होत्या. ओढ्याकडच्या उशिरा हलायला लागल्या आणि शेवटची रेघ तर हेलकावतच राहिली.

"धक्का तर एकच होता ना?" निशी गोंधळली.

"एकच. असं बघ, शाळा सुटल्यावर पोरं डांबरी रस्त्यानं पळत निघाली आणि पुढं चिखल लागला, तर?"

"पुढची अडकतील. मागची त्यांच्यावर येऊन आदळतील."

"आणि तिथं दाटी होईल. लाटेचंही तसंच. मातीत शिरल्यावर तिचा वेग कमी होतो, पण मागून जोर येतच असतो. म्हणून तिचा हेलकावा मोठा होतो. याला विवर्धन (लाटेचा हेलकावा वाढणं) म्हणतात. शिवाय खालच्या खडकावर आपटून ती त्या मातीतच पुन्हा पुन्हा घुमत राहते."

आणखी काही धक्क्यांच्या नोंदी जमल्यावर जमिनीच्या पोटाचं चित्र तयार झालं. माळाखाली सलग काळा खडक होता. सपाटीखाली मात्र तो परातीसारखा खोलगट झाला होता आणि ती परात गाळानं भरली होती.

"ओढ्याचं जुनं पात्र आहे हे," ताई म्हणाल्या. "हजारो वर्षांपूर्वी ते बुजलं. वरून बघून कुणाला कळणार?"

निशीनं आबांना हाताला धरून ओढत आणलं. "आबा, तुमचा हात ढिला नव्हता! हे बघा, खाली सगळा गाळ आहे!"

आबा त्या चित्राकडे बघत राहिले. आता ते हसतील, असं निशीला वाटलं. पण त्यांनी गाळाच्या परातीकडे बोट दाखवलं.

"हा गाळ मी पाहिलाय," ते हळूच म्हणाले. "आक्काच्या दारात आड खणला, तेव्हा. वीस हात खाली गेलो तरी कुदळीला दगड लागला नाही. मला आनंदच झाला गं. म्हटलं, खणायला सोपं आणि पाणीही दारात. तिचे गुडघे दुखायचे. माळावर तिला पाणी वाहून न्यायला लागलं असतं, म्हणून तर घर खाली बांधलं."

निशीला वाटलं, आपण उगाच आबांना बोलावलं.

"तेव्हा हे तुम्हाला सांगायला आम्ही यायला हवं होतं," शर्वाणीताई म्हणाल्या. त्यांची नजर खाली होती. "यंत्रं होती, माणसंही होती. पण जमीन हलल्यावरच आम्हाला तुमचं गाव आठवलं."

आठवड्याभरानं दूरच्या एका समुद्रात मोठा भूकंप झाला. गावात कुणाला काही जाणवलं नाही, पण मुंग्यांनी तो टिपला. आबा आता रोज तंबूत येऊन बसत. ताईंनी त्यांना रेघेतला एक लहानसा उंचवटा दाखवला. "ही लाट भूकवचाच्या (पृथ्वीच्या बाहेरच्या टणक सालीच्या) तळाशी आपली चाल बदलून वर आली. यावरून कळतं, की इथं ती साल जवळजवळ चाळीस किलोमीटर जाड आहे."

"एवढ्या खोलचं कळतं?" आबांनी विचारलं. मग स्वतःशीच म्हणाले, "आणि माझ्या हातात गाळ होता, तरी मला कळलं नाही."

जरा वेळानं ते उठले. "ताई, सपाटीवर पुन्हा घरांची आखणी चाललीय. तिथं बांधूच नये का?"

"माळावर बांधलेलं बरं. सपाटीवरच बांधायचं, तर पाया वेगळा आणि खूप खोल घ्यावा लागेल."

"तुमची रेघ दाखवून लोकांना पटणार नाही. मी येतो. आडाची गोष्ट मी सांगतो."

निशीनं एक मुंगी काखेत घेतली आणि तिघं खाली गेले. गावातला भास्कर शेळके पांढरी फक्की टाकून नव्या घराच्या खोल्या आखत होता. आबांना बघून तो उभा राहिला. आबांनी त्याला सगळं सांगितलं, आनंद झाला होता तेसुद्धा. ऐकता ऐकता भास्करच्या हातातली फक्कीची पाटी खाली आली.

"मग काका, आता?"

आबांनी निशीकडे पाहिलं. निशीनं काखेतली मुंगी त्या पांढऱ्या रेघांच्या मधोमध ठेवली. मुंगीनं सहाही पाय मातीत रोवले.

"आता थांबायचं," निशी म्हणाली. "आधी जमिनीचं ऐकून घेऊ."